३४ सामने एकीकडे, दोन रात्री एकीकडे: युरोलीग २०२२-२३ चा खरा विजेता कोण?

लाल_पांढरा | २३ मे २०२३

परवा रात्री लिथुआनियातल्या कौनासला युरोलीग बास्केटबॉलची फायनल झाली. रेआल माद्रिद ७९, ऑलिंपियाकोस ७८. दोन दिवस झाले तरी डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

बास्केटबॉल म्हणजे फक्त अमेरिकेची एनबीए लीग असं समजणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. २०२२-२३ चं स्वरूप असं: युरोपातल्या १८ क्लबांची ही लीग. प्रत्येक क्लब प्रत्येकाशी घरी एकदा, बाहेर एकदा खेळतो, म्हणजे ३४ सामने. पहिले आठ पुढे जातात, पाचपैकी तीन जिंकण्याच्या मालिका होतात आणि उरलेले चार संघ एका शहरात जमतात. शुक्रवारी दोन सेमीफायनल, रविवारी फायनल, प्रत्येकी एकच सामना. हा 'फायनल फोर'.

ऑलिंपियाकोस ३४ पैकी २४ जिंकून पहिला होता. त्यांचा साशा वेझेंकोव लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, आणि फायनलमध्येही त्याने २९ गुण केले. शेवटच्या दोनेक मिनिटांपर्यंत आपण, म्हणजे माझा ऑलिंपियाकोस, पुढे होतो. मग रेआलच्या सर्जिओ रोद्रिगेझचा तीन गुणांचा फटका बसला आणि फरक एकावर आला. शेवटचे तीन सेकंद राहिले असताना त्यांच्याच सर्जिओ युलने समोर आपला २.१८ मीटरचा मुस्तफा फॉल हात वर करून उभा असताना त्याच्या डोक्यावरून चेंडू टाकला. आत. युलची त्या सामन्यातली ती एकमेव बास्केट. उरलेल्या वेळात आपल्या स्लूकासने मारलेला फटका चुकला आणि संपलं.

माझा प्रश्न सरळ आहे. ऑक्टोबर ते मे राबलेल्या संघाचं मोल एका फटक्यावर ठरावं का? मला हा फॉर्मॅट अन्यायकारक वाटतो. तुमचं मत सांगा.

---

मुग्धा | २३ मे २०२३

हा तोच फुटबॉलवाला रेआल माद्रिद का? की नावापुरतं साम्य?

---

झोन_डिफेन्स | २३ मे २०२३

@मुग्धा, तोच. तिकडे क्लब म्हणजे एका खेळाचा संघ नसतो. बार्सिलोना, ऑलिंपियाकोस, पार्टिझान, फेनेरबाचे, सगळ्यांचे फुटबॉल आणि बास्केटबॉल दोन्ही विभाग आहेत. रेआलचं हे बास्केटबॉलमधलं अकरावं युरोपीय विजेतेपद.

लाल_पांढरा, तुझं दुःख कळतं, पण मुद्दा पटला नाही. ऑलिंपियाकोसचे विजय २४, रेआलचे २३. म्हणजे ३४ सामन्यांनी मिळून फरक दाखवला तो एका विजयाचा, आणि फायनलने दाखवला एका गुणाचा. यात 'वर्षभर सरस' कोण होतं?

---

चहाबाज | २३ मे २०२३

आपल्याकडे वर्षभर अभ्यास करून बारावीला ९२ टक्के आणि सीईटीच्या दिवशी ताप. ऑलिंपियाकोसला तेच झालं. लाल_पांढराला माझ्याकडून एक कटिंग.

---

नागपूरचे_सर | २३ मे २०२३

मी शाळेत पी.टी. शिकवतो, तीस वर्षं मुलांना बास्केटबॉल शिकवतोय. फायनल मुलांबरोबर बसून पाहिली. निकालापेक्षा मला एक गोष्ट जास्त बोलावीशी वाटते, ती म्हणजे रेआलचा झोन बचाव.

मॅन-टू-मॅन बचावात प्रत्येकाला एक माणूस नेमून दिलेला असतो. झोनमध्ये माणूस नाही, जागा राखायची. दोन पुढे, तीन मागे, आणि मधल्या जागी केप व्हर्देचा वॉल्टर तावारेस, २.२० मीटर. तो रिंगखाली उभा राहिला की आत शिरणाऱ्याला बास्केट दिसतच नाही. आमची मुलं झोन म्हणजे दमलेल्यांचं काम समजतात. त्या रात्री मी त्यांना म्हटलं, पाय बघा. बॉल डाव्या कोपऱ्यात गेला की पाचही जण एकाच वेळी अर्धं पाऊल डावीकडे सरकतात. कोणी ओरडत नाही, कोणी बोट दाखवत नाही. आमच्या मुलांचं तेच अर्धं पाऊल उशिरा पडतं आणि कोपऱ्यातला मोकळा राहतो. सकाळी मैदानावर चुन्याने पाच चौकोन आखले आणि तासभर बॉल न देता नुसतं सरकायला लावलं. कुरकुरले, पण शेवटी दोन पोरांना जमलं.

रोद्रिगेझ, युल, कोझर, रूडी फर्नांडेझ, सगळे पस्तिशीच्या आसपासचे किंवा पुढचे. पायात वेग राहिला नाही, पण कुठे उभं राहायचं ते त्यांना माहीत आहे. प्रशिक्षक चुस मातेओ यांचं मोठेपण इथे आहे. पाब्लो लासो यांना गेल्या जूनमध्ये हृदयविकाराचा झटका आला, त्यानंतर त्यांच्या या सहायकाकडे संघ दिला. पहिल्याच वर्षी चषक.

---

झोन_डिफेन्स | २३ मे २०२३

सर, माझ्या आयडीचं सार्थक झालं. +१.

---

सानिका_के | २४ मे २०२३

सगळे फायनलचंच बोलताय, पण रेआल कौनासपर्यंत पोचला कसा तेही बोला ना. मला खरा अन्याय तिथे दिसतो.

क्वार्टरफायनल, रेआल विरुद्ध पार्टिझान बेलग्रेड. पहिले दोन्ही सामने माद्रिदमध्ये, दोन्ही पार्टिझानने जिंकले. २७ एप्रिलच्या दुसऱ्या सामन्यात पार्टिझान ९५-८० ने पुढे, दीडेक मिनिट बाकी. युलने केव्हिन पंटरला फाउल केला, ढकलाढकली सुरू झाली, आणि रेआलच्या गेर्शोन याबुसेलेने दांते एक्झमला कमरेला धरून उचललं आणि जमिनीवर आपटलं. सामना तिथेच थांबवला.

शिक्षा काय झाल्या बघा. याबुसेलेला पाच सामने, रेआलच्याच गाब्रिएल डेकला एक. पार्टिझानच्या लेसोरला एक आणि पंटरला दोन. पंटर म्हणजे त्यांचा गुण करणारा हुकमी माणूस. तो नसलेले दोन्ही सामने बेलग्रेडला होते आणि दोन्ही पार्टिझान हरला. ज्याने माणूस उचलून आपटला त्याचा संघ फायनल फोरला, आणि ज्याला आपटलं त्याचा संघ घरी. मला आजही हे पचत नाही.

---

झोन_डिफेन्स | २४ मे २०२३

@सानिका_के, पंटरनेही मारामारीत हात उचलला होता, त्याला सोडून देणं शक्य नव्हतं. आणि याबुसेलेचे पाच सामने मोज. तिसरा, चौथा, पाचवा, सेमीफायनल, फायनल. बरोबर पाच. म्हणजे रेआल युरोलीगचा उरलेला पूर्ण हंगाम त्याच्याशिवाय खेळला. शिक्षा कागदावर राहिली नाही.

---

सानिका_के | २४ मे २०२३

हात उचलणं आणि माणूस आपटणं यात फरक आहे, आणि तो फरक संघाच्या नुकसानीत दिसला नाही, एवढंच म्हणते. रेआलच्या बेंचवर त्याच्या जागी चार जण होते. पार्टिझानकडे दुसरा पंटर नव्हता.

पण पाचव्या सामन्याचं श्रेय मी काढून घेणार नाही. १० मे, माद्रिद. पंटर परत आलेला. पार्टिझान १८ गुणांनी पुढे. तिथून रेआलने ९८-९४ ने जिंकला. ०-२ वरून मालिका जिंकणारा युरोलीगच्या इतिहासातला हा पहिला संघ. झेल्को ओब्राडोविच पार्टिझानचे प्रशिक्षक, नऊ वेळा युरोप जिंकलेला माणूस, त्यांनाही या म्हाताऱ्यांवर उत्तर सापडलं नाही. मी सोफ्याच्या कडेवर बसून पाहत होते, नवरा दोनदा उठून विचारून गेला, काय झालं म्हणून.

---

नेमुनासकाठी | २४ मे २०२३

मी कौनासला मेडिकल शिकते. दोन वर्षं इथे आहे, मूळची साताऱ्याची. फायनलचं तिकीट परवडण्यासारखं नव्हतं, पण ते तीन दिवस शहर कसं होतं ते सांगते.

अरेना नेमुनास नदीतल्या बेटावर आहे. गावातला लाइस्वेस आलेया हा लांबलचक पायी रस्ता शुक्रवार सकाळपासून लाल-पांढरा झाला होता. ग्रीक एवढे आले होते की आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या आजींनी 'कालिमेरा' (ग्रीकमध्ये सुप्रभात) शिकून घेतलं. लिथुआनियन माणूस अनोळखी माणसाशी सहसा बोलत नाही. बसमध्ये दोन वर्षांत माझ्याशी कोणी आपणहून बोललं नव्हतं. रविवारी मात्र शेजारच्या सीटवरच्या काकांनी विचारलं, कोण जिंकणार? मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी मला उतरेपर्यंत साबोनिस सांगितला. बास्केटबॉलपटू आर्विदास साबोनिस याच गावचा. ऐंशीच्या दशकात, सोव्हिएत राजवटीत, इथला झालगिरिस क्लब मॉस्कोच्या त्सेस्काला हरवायचा तेव्हा तो फक्त खेळ नव्हता, असं ते म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

झालगिरिस हे नावच १४१० च्या लढाईचं आहे. यंदा त्यांचा स्वतःचा संघ क्वार्टरफायनलला बार्सिलोनाकडून ३-० हरला, म्हणजे आपल्याच घरातल्या फायनल फोरला मुकला. तरी लोक हिरव्या जर्सी घालून बाहेर पडले होते. मी एकाला विचारलं, तुमचा संघ नाही तर कशाला? तो म्हणाला, पाहुणे आपल्या घरी आलेत ना.

---

मुग्धा | २४ मे २०२३

किती छान लिहिलंय. यावर वेगळा लेखच लिही ना.

---

चहाबाज | २४ मे २०२३

मुग्धाला अनुमोदन. आणि बसमधल्या काकांना माझ्याकडून दुसरं कटिंग.

---

दर्यावर्दी | २५ मे २०२३

मी जहाजावर असतो, रत्नागिरीचा. मालक ग्रीक असलेल्या कंपन्यांत बरीच वर्षं काढली, त्यामुळे पिरेअस बंदर म्हणजे दुसरं गाव. ऑलिंपियाकोस पिरेअसचाच. एका डिसेंबरात जहाज दुरुस्तीला लागलं होतं तेव्हा आमचे चीफ इंजिनिअर मला फालिरोच्या स्टेडियममध्ये घेऊन गेले. शांतता आणि मैत्री स्टेडियम असं नाव आहे त्याचं! आत शांतता औषधालाही नव्हती. सामना सुरू व्हायच्या तासभर आधीपासून लोक उभे, आणि उभेच राहिले. शेजारच्या म्हाताऱ्याने माझा हात धरून वर केला, कारण मी टाळ्या वाजवत नव्हतो.

मला बास्केटबॉलमधलं फार कळत नाही. पण फायनलनंतर चीफना मेसेज केला, तर एकच शब्द आला, 'स्लूकास'. पुढे काही नाही.

---

लाल_पांढरा | २५ मे २०२३

@दर्यावर्दी, शहारा आला. शेवटचा फटका स्लूकासनेच मारायचा हे बरोबरच होतं, दहा वेळा विचारलं तरी मी त्यालाच देईन.

झोन_डिफेन्स, तुझा एका विजयाचा मुद्दा मान्य. पण म्हणूनच म्हणतो, फायनल एक सामना नको. आयपीएलसुद्धा पहिल्या दोघांना दुसरी संधी देते. पहिला क्वालिफायर हरलात तरी दुसरा खेळायला मिळतो. युरोलीगमध्ये ३४ सामने खेळून पहिल्या आलेल्याला काय मिळतं? पाचवा सामना घरी, बस. कौनासमध्ये पहिला आणि चौथा सारखेच.

---

तिसरा_क्वार्टर | २५ मे २०२३

हा प्रयोग झालाय. २०००-०१ ला युरोपात एकाच वेळी दोन सर्वोच्च स्पर्धा झाल्या. फिबाची (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाची) सुप्रोलीग, ती मक्काबी तेल अवीवने जिंकली. आणि क्लबांनी नव्याने काढलेली युरोलीग. तिच्यात फायनल फोर नव्हता, पाच सामन्यांची फायनल होती. इटलीच्या किंदर बोलोन्याने स्पेनच्या ताऊला ३-२ हरवलं. पुढे एनबीए गाजवलेला मानू जिनोबिली त्या बोलोन्यातला. पुढच्या वर्षी स्पर्धा एक झाली आणि फायनल फोर परत आला.

कारण साधं आहे. हे संघ आपापल्या देशाची लीगही खेळतात. रेआल स्पेनच्या लीगमध्ये आणखी ३४ सामने खेळतो, त्यावर प्लेऑफ, त्यावर कप. युरोलीगच्या काही आठवड्यांत दोन-दोन सामने, मंगळवारी एका देशात, गुरुवारी दुसऱ्या. आणखी पाच सामने घुसवायला कॅलेंडरमध्ये जागा कुठून आणायची? शिवाय चार संघांचे चाहते एका गावात येतात ते मालिकेत होणार नाही. वर नेमुनासकाठीने लिहिलंय ते वाचा. ते मालिकेत मिळणार नाही.

रच्याकने, माझा आयडी खूप जुना आहे, पण ऑलिंपियाकोस-मोनॅको सेमीफायनलनंतर त्याला नवा अर्थ आला. हाफटाइमला मोनॅको पुढे होता. तिसऱ्या क्वार्टरमध्ये स्कोअर २७-२. दहा मिनिटांत दोन गुण! शेवट ७६-६२.

---

नागपूरचे_सर | २५ मे २०२३

तो क्वार्टर मी मुलांना दोनदा दाखवला. लोक वेझेंकोवकडे पाहतात, पण ऑलिंपियाकोसचा बचाव त्या दहा मिनिटांत होता तसा वर्षभर कुठल्या संघाचा पाहिला नाही. मोनॅकोचा माइक जेम्स पिक (सहकाऱ्याचा आडोसा) घेऊन वळला की समोर दोन माणसं हजर. आणि पास दिला तर घेणाऱ्याकडे पोचायच्या आत तिसरा.

---

माद्रिदी | २६ मे २०२३

उशिरा आलो, सगळे प्रतिसाद वाचले.

लाल_पांढरा, एक सांग. २०१२ ची फायनल आठवते? इस्तंबूल, ऑलिंपियाकोस विरुद्ध त्सेस्का मॉस्को. तुम्ही १९ गुणांनी मागे होता. ६२-६१ ने जिंकलात, प्रिंटेझिसच्या शेवटच्या सेकंदातल्या फटक्यावर. त्या वर्षी त्सेस्काला सगळे विजेता धरून बसले होते. तेव्हा एका फटक्यावर ठरलं ते चाललं ना? मालिका असती तर तो चषक तुमच्याकडे नसता.

आणि दुःख एकट्या ऑलिंपियाकोसचं नाही. गेल्या वर्षी बेलग्रेडला आम्ही फायनल हरलो, अनादोलू एफेस ५८, रेआल ५७. एक गुण! वर्षभर तो आकडा घेऊन फिरलो. यंदा एकच गुण परत मिळाला. त्याच एफेसला, सलग दोन वर्षं जिंकून, यंदा पहिल्या आठातही जागा मिळाली नाही. या लीगमध्ये काल काय केलंत याला किंमत नाही, आणि मला ती याचसाठी आवडते.

युलबद्दल. माणूस मेनोर्का बेटावरच्या माओचा, वय ३५, उंची १.९०. त्याच्या असल्या तोल गेलेल्या, वेड्या फटक्यांना स्पेनमध्ये 'मांदारीना' म्हणतात, म्हणजे संत्रं. सामनाभर एकही बास्केट नाही आणि शेवटचा बॉल तो मागतो. लाजत नाही, दुसऱ्याकडे बघत नाही. हे धैर्य ३४ सामन्यांच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहायचं?

---

नागपूरचे_सर | २६ मे २०२३

संत्रं! उद्यापासून मैदानावर हाच शब्द. नागपूरच्या पोरांना संत्रं टाकता आलंच पाहिजे.

---

लाल_पांढरा | २६ मे २०२३

@माद्रिदी, २०१२ चं बोललास तिथे माझी बोलती बंद. त्या रात्री मी हॉस्टेलच्या गच्चीवर एकटा नाचलो होतो, आणि फॉर्मॅट मनातही आला नव्हता.

तरी पहिल्या आलेल्याला काहीतरी जास्त मिळावं या मतावर ठाम आहे.

---

सानिका_के | २६ मे २०२३

आणि मी पंटरबद्दलच्या माझ्या मतावर ठाम.

---

तिसरा_क्वार्टर | २७ मे २०२४

वर्षभराने धागा वर काढतोय, कारण काढलाच पाहिजे.

काल बर्लिनला फायनल झाली. पॅनाथिनाइकोस ९५, रेआल माद्रिद ८०. या वेळी साखळीत पहिला रेआल होता, २७ विजय, ७ पराभव. सेमीफायनलला त्यांनी ऑलिंपियाकोसला ८७-७६ ने हरवलं होतं. फायनलमध्येही हाफटाइमला पुढे होते. मग दुसऱ्या अर्ध्यात सगळं फिरलं. फायनल फोरचा एमव्हीपी कोस्तास स्लूकास, २४ गुण. तोच. गेल्या उन्हाळ्यात ऑलिंपियाकोस सोडून थेट शेजारच्या हाडवैऱ्याकडे, पॅनाथिनाइकोसकडे गेलेला.

लाल_पांढरा, आता पहिला आलेला रेआल हरला. तुझा नियम लावायचा का?

---

माद्रिदी | २७ मे २०२४

मी लावणार नाही. ते त्या रात्री सरस होते, आम्ही नाही. गेल्या वर्षी बोललो तेच आज बोलतो.

---

लाल_पांढरा | २७ मे २०२४

मी लावेन. २७-७ वाल्या रेआललाही दुसरी संधी मिळायला हवी होती, आणि हे लिहिताना मला काय वाटतंय ते माद्रिदीला कळेल.

स्लूकासचं मात्र अवघड आहे. कौनासचा तो चुकलेला फटका मी त्याला कधीच माफ केला होता, माफ करण्यासारखं काही नव्हतंच. पण पॅनाथिनाइकोसच्या हिरव्या जर्सीत त्याला चषक उचलताना पाहिलं आणि टीव्ही बंद केला. सकाळी उठून पूर्ण सामना परत पाहिला. काय खेळला तो!

---

दर्यावर्दी | २८ मे २०२४

सध्या सिंगापूरच्या वाटेवर आहे, नेट येतं जातं. तेच चीफ इंजिनिअर या जहाजावरही आहेत. काल मेसमध्ये थर्ड मेट, अथेन्सचाच पोरगा, हिरवा टी-शर्ट घालून जेवायला आला. चीफनी ताट उचललं आणि इंजिन कंट्रोल रूममध्ये जाऊन जेवले. संध्याकाळी मी चहा घेऊन खाली गेलो तर फोनवर सामना लावून बसले होते. आवाज बंद होता. स्लूकासने फटका मारला की थांबवायचे, मागे न्यायचे, परत बघायचे. मी कप ठेवला आणि काही न बोलता वर आलो.